सुपरटक्सकार्टचे नवे ट्रॅक कसे पारखायचे: डाउनलोडपासून घरच्या शर्यतीपर्यंत

सुपरटक्सकार्ट या छोट्या गाड्यांच्या शर्यतीच्या कॉम्प्युटर खेळात नवा ट्रॅक उतरवून घ्यायला दोन-चार मिनिटं पुरतात. अडचण त्यानंतर सुरू होते. यादीत शेकडो ट्रॅक आहेत, सगळे फुकट आहेत आणि त्यामुळे पोट्टे एक ट्रॅक घेतात, पहिल्याच फेरीत दोनदा पाण्यात पडतात आणि ‘बेकार आहे’ म्हणून पुढच्यावर जातात. यात कितीतरी चांगले ट्रॅक वाया जातात, आणि ज्यांच्यात खरंच खोट आहे ते ऐन रंगलेल्या शर्यतीत दगा देतात.

माझं सांगणं एका क्रमाबद्दल आहे. नवा ट्रॅक आधी एकट्याने चालवा, मग कॉम्प्युटरच्या गाड्यांसोबत, आणि माणसांसोबत सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला तर तुम्ही का पडलात तेच कळत नाही. वळण वाईट होतं, की मागून कोणी बॉल मारला, की लॅपटॉप अडखळला? एकेक गोष्ट वेगळी काढून पाहिली तरच ट्रॅकचं खरं रूप दिसतं.

हा लेख प्रामुख्याने नागपूर-विदर्भातल्या घरांसाठी आहे. आपल्याकडे शाळा जून संपत आल्यावर उघडतात आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी बारा ते पाच मुलांना बाहेर सोडता येत नाही. कूलरसमोर बसून तीन-चार जणांनी एकत्र खेळावं असा खेळ घरात हवा असतो, आणि तो जुन्या लॅपटॉपवर चालणाराही हवा असतो.

खेळाबद्दल थोडक्यात

सुपरटक्सकार्ट हा मुक्त परवान्याचा खेळ आहे, म्हणजे तो कोणीही घ्यावा, बदलावा आणि वाटावा. याची मुळं टक्सकार्ट नावाच्या, २००० च्या सुमारास स्टीव्ह बेकर यांनी केलेल्या छोट्या खेळात आहेत. पुढे २००६ पासून योर्ग हेनरिक्स आणि इतर स्वयंसेवकांनी तो नव्याने उभा केला. २०१९ मध्ये १.० आवृत्ती आली आणि इंटरनेटवरून एकमेकांशी खेळता येऊ लागलं. विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइड या सगळ्यांवर तो मिळतो. गाड्या चालवणारी पात्रंही मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातली आहेत: लिनक्सचा पेंग्विन टक्स, चित्रं संपादित करायच्या जिंपचा विल्बर, लिनक्सवरच्या केडीई डेस्कटॉपचा ड्रॅगन कोन्की.

कार्ट रेसिंगमधलं मोठं नाव अर्थातच मारिओ कार्ट. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’साठी निन्टेन्डोने मार्च २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात सहा टप्प्यांत ४८ जादा ट्रॅक दिले आणि ट्रॅकची संख्या ४८ वरून ९६ झाली. ते ट्रॅक उत्तम आहेत, पण पैसे मोजावे लागतात आणि स्विच कन्सोलही लागतो. शिवाय तिथे निवडीचा प्रश्न येत नाही, कारण प्रत्येक ट्रॅक कंपनीने तपासून दिलेला असतो. सुपरटक्सकार्टचे जादा ट्रॅक जगभरातल्या हौशी लोकांनी फावल्या वेळात केलेले आहेत. कोणी विद्यार्थी, कोणी थ्रीडीचं काम शिकणारा. त्यामुळे इथे पारखायचं काम आपल्याकडे येतं, आणि मला तरी त्या कामाची खूप गोडी आहे.

पायरी १: आधी मशीन तपासा

खेळाची ताजी आवृत्ती घ्या. ॲड-ऑनची, म्हणजे वरून जोडायच्या जादा ट्रॅक-गाड्यांची यादी तुमच्या आवृत्तीला चालतील असेच ट्रॅक दाखवते, म्हणून जुन्या आवृत्तीवर बसून राहिलात तर नवे ट्रॅक दिसतच नाहीत. खेळ सुरू झाल्यावर इंटरनेटला जोडायची परवानगी मागतो. तेव्हा ‘नाही’ म्हटलं असेल तर ऑप्शन्समध्ये जाऊन ती खूण चालू करा. ॲड-ऑन्सचा विभाग उघडत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांची ही एकच खूण राहिलेली असते.

आता ऑप्शन्समध्येच एफपीएस दाखवण्याची खूण चालू करा. हा आकडा म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती चित्रं येतात ते. ६० च्या आसपास असेल तर गाडी लोण्यासारखी चालते, ३० ला खेळता येतं, त्याखाली वळणं हातातून सुटायला लागतात. आकडा डोळ्यांसमोर असला की ट्रॅकला विनाकारण दोष दिला जात नाही.

त्यानंतर तुमच्या पाठ असलेल्या, खेळासोबतच आलेल्या एका ट्रॅकवर तीन फेऱ्या मारा. लाइटहाउसचा असो किंवा दुसरा कोणताही. त्यावर येणारा एफपीएस हा तुमचा मापदंड. नवा ट्रॅक याच्या जवळपास चालला तर ठीक. निम्म्यावर आला तर तो ट्रॅक तुमच्या मशीनला जड आहे. ग्राफिक्समध्ये इफेक्टची पातळी खाली आणता येते, आणि त्यातही डायनॅमिक लाइट्स बंद केल्यावर जुन्या लॅपटॉपला सर्वांत जास्त आराम मिळतो. चित्र थोडं साधं दिसतं, पण रस्ता तोच राहतो.

इथे उन्हाळ्याबद्दल लिहिणं भाग आहे. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. खोलीतच ३८-४० अंश असतील तर ही वेळ लवकर येते. म्हणून होतं असं, की पहिली दहा मिनिटं ट्रॅक झकास चालतो आणि मग अडखळू लागतो, आणि आपण समजतो की नंतर घेतलेला ट्रॅक खराब आहे. यावर उपाय सोपे आहेत. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवू नका. लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवा आणि खालची जाळी मोकळी राहील एवढी उंची द्या. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ती हवा ओली असते आणि कधीकधी पाण्याचे तुषारही सोबत आणते. पंख्याची हवा बरी. आणि मापदंडाचा ट्रॅक मशीन तापल्यावर पुन्हा एकदा चालवून पाहा. खरी तुलना त्या दुसऱ्या आकड्याशी करायची.

वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला तरी बहुतेक मशीन वेग कमी करतात. त्या वेळात खेळायला हरकत नाही, पण ट्रॅकबद्दल मत बनवू नका.

पायरी २: यादी वाचायला शिका

मुख्य पडद्यावर खाली ॲड-ऑन्सचं चिन्ह आहे. आत तीन भाग: गाड्या, ट्रॅक आणि अरिना, म्हणजे लढाईची आणि फुटबॉलची मैदानं. ट्रॅकची यादी नावाने किंवा तारखेने लावता येते, आणि मानांकनाने गाळता येते.

नवखे लोक चित्र पाहून निवडतात. चित्र बघाच, पण ते पाहून फक्त एवढंच ठरवा की ट्रॅक कोणत्या प्रकारचा आहे: मोकळा, बंदिस्त, हवेत तरंगणारा. हवेत तरंगणारे, कठडे नसलेले ट्रॅक दिसायला सर्वांत सुंदर आणि लहान मुलांसाठी सर्वांत त्रासाचे. पहिल्या खेपेला ते बाजूला ठेवा.

ट्रॅकवर टिचकी मारली की माहितीची चौकट उघडते. तिथे कर्त्याचं नाव, वर्णन, तारे आणि फाइलचा आकार असतो. आकाराकडे मी आवर्जून पाहतो. काही एमबीचा ट्रॅक बहुधा साधा असतो, पण हलका चालतो. फाइल खूप मोठी असेल तर त्यात बारीकसारीक चित्रं भरपूर आहेत असं समजा; चार जीबी रॅमच्या मशीनवर तो उघडायलाच वेळ घेईल. ताऱ्यांवर जरा जपून विश्वास ठेवा. तारे देणारे बरेच जण मुरलेले खेळाडू असतात, त्यांना अवघड ट्रॅक आवडतात. दीड-दोन तारे असलेला साधा रुंद रस्त्याचा ट्रॅक घरच्या खेळाला तीन तारेवाल्यापेक्षा जास्त उपयोगी पडू शकतो.

एका वेळी तीन-चारच ट्रॅक घ्या. तीस घेतले तर एकही नीट पाहून होत नाही.

पायरी ३: उतरवणं

इन्स्टॉलचं बटण दाबलं की काम झालं. शर्यत सुरू करताना ट्रॅक निवडायच्या पडद्यावर वेगवेगळे गट दिसतात. त्यातल्या ॲड-ऑनच्या गटात नवा ट्रॅक सापडतो. तो नेहमीच्या गटात शोधत बसू नका.

ज्यांच्याकडे नेट अडखळत चालतं त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. एका मशीनवर उतरवलेल्या ट्रॅकचं फोल्डर पेनड्राइव्हने दुसऱ्यावर नेता येतं. विंडोजवर ते ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात सुपरटक्सकार्ट, त्यात ॲडऑन्स, त्यात ट्रॅक्स असं सापडतं; लिनक्सवर घरच्या फोल्डरात लपलेल्या डॉट-लोकल फोल्डरात, शेअरच्या आत. प्रत्येक ट्रॅकचं आपलं एक फोल्डर असतं आणि त्यात ‘ट्रॅक डॉट एक्सएमएल’ ही फाइल थेट दिसायला हवी. झिप उघडताना पुष्कळदा फोल्डरात फोल्डर तयार होतं. मग ही फाइल एक घर आत जाते आणि खेळाला ट्रॅक दिसत नाही. आतलं फोल्डर उचलून बाहेर ठेवा. हे ट्रॅक मुक्त परवान्याखाली असतात, म्हणून मित्राला कॉपी देणं पूर्णपणे रीतसर आहे. परवान्याची फाइल आणि कर्त्याचं नाव तेवढं सोबत राहू द्या.

पायरी ४: एकट्याने, आणि पहिली फेरी सावकाश

टाइम ट्रायल निवडा. या प्रकारात हत्यारं नसतात; कॉम्प्युटरच्या गाड्यांची संख्या शून्य ठेवा. रस्ता आणि तुम्ही. पहिली फेरी मुद्दाम हळू घ्या. ॲक्सिलरेटर सोडत, दाबत, आजूबाजूला बघत जा. वेळ किती लागतो याची पर्वा करू नका.

या फेरीत मी चार गोष्टी पाहतो.

पहिली, रस्ता दिसतो का. पुढे कुठे वळायचं हे कोपऱ्यातल्या नकाशाकडे न बघता कळलं पाहिजे. चांगला कर्ता हे बाणाच्या पाट्यांनी, कठड्याच्या रंगाने, झाडांच्या रांगेने, नाहीतर उजेडाने सांगतो. दरवेळी नकाशात बघावं लागत असेल तर शर्यतीत तिथे हमखास गोंधळ होणार.

दुसरी, रुंदी. दोन गाड्या शेजारी-शेजारी जातील एवढा रस्ता बहुतेक ठिकाणी हवा. अरुंद जागा असायला हरकत नाही, उलट एखादी हवीच, पण लागोपाठ असल्या की मागच्याला पुढे जायची संधीच मिळत नाही.

तिसरी, उड्या. उंचवट्यावरून गाडी हवेत गेली की ती कुठे उतरते ते पाहा. हळू गेलात तर दरीत पडता का? वेगात गेलात तर पुढच्या वळणाच्या पलीकडे उतरता का? दोन्ही करून बघा, आणि तिसऱ्यांदा नायट्रो (गाडीला जादा वेग देणारं इंधन) लावून. चांगली उडी तिन्ही वेगांत गाडीला रस्त्यावर उतरवते. फरक फक्त किती फायदा झाला एवढाच राहतो.

चौथी, पडल्यावर काय होतं. हे तपासण्यासाठी मुद्दाम पडा. पाण्यात जा, कड्यावरून जा, भिंतीच्या फटीत गाडी घाला. बॅकस्पेस दाबला की खेळ गाडी उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवतो. ती ठेवण्याची जागा ट्रॅक करणाऱ्याने आखलेल्या अदृश्य मार्गरेषेवरून ठरते. ती रेषा नीट आखलेली नसेल तर गाडी उताराच्या काठावर ठेवली जाते आणि लगेच परत घसरते. पुन्हा उचल, पुन्हा घसर. लहान मूल अशा जागी अडकलं की दोन मिनिटांत रडकुंडीला येतं. ज्या ट्रॅकवर हे चक्र सापडतं तो मी मुलांसाठी ठेवत नाही, मग देखावा कितीही सुंदर असो.

एक बारकी गोष्ट आणखी. ट्रॅकवर अदृश्य तपासणीच्या रेषा असतात. त्या ओलांडल्या तरच फेरी मोजली जाते. आडवाट घेऊन एखादी रेषा चुकली तर अख्खी फेरी बाद. एखादी आडवाट दिसली तर ती घेऊन पूर्ण फेरी मारा आणि आकडा वाढतो का बघा. वाढला तर आडवाट कर्त्यानेच ठेवलेली आहे, सगळ्यांना सांगून टाका. नाही वाढला तर तेही सांगा, नाहीतर ऐन शर्यतीत भांडण होईल.

पायरी ५: आता वेग

आता त्याच ट्रॅकवर पूर्ण जोर लावा. घोस्टची नोंद करण्याची खूण चालू ठेवली तर तुमची ही फेरी साठवली जाते आणि पुढच्या वेळी तुमचीच पारदर्शक गाडी तुमच्यासोबत धावते. ट्रॅक पारखायला याइतकं उत्तम साधन नाही. ज्या वळणावर घोस्ट तुमच्यापासून लांब जातो तिथे काहीतरी शिकण्यासारखं आहे.

वळणावर व्ही दाबून घसरत जाणं हे या खेळाचं खरं कसब. पुरेसा वेळ घसरलात की चाकांखालच्या ठिणग्यांचा रंग बदलतो आणि बटण सोडताच गाडीला जोर मिळतो. जास्त वेळ धरलं तर जोरही जास्त. आता वळण या नजरेने पाहा. उदाहरणार्थ, मी पाहिलेल्या एका ट्रॅकवर बोगद्यातून बाहेर पडताच डावीकडे लांबलचक वळण आणि त्याला लागूनच लाकडी पूल होता. बोगद्यातच घसरायला सुरुवात केली तर जोर नेमका पुलाच्या तोंडाशी मिळायचा आणि गाडी पूल सरळ पार करायची. बाहेर आल्यावर घसरायला लागलात तर जोर पुलाच्या मधोमध यायचा, तोही तिरक्या गाडीला, आणि कठड्याला घासून सगळा वेग जायचा. एकाच वळणात घाईचं आणि उशिराचं असं दोन्हीचं फळ दिसत होतं. असं वळण सापडलं की समजा, करणाऱ्याने स्वतः तासन्‌तास ट्रॅक चालवून पाहिलेला आहे.

याउलट काही ट्रॅक दिसायला भारी आणि चालवायला रिकामे असतात. लांब सरळ रस्ता, मग काटकोन, मग परत सरळ रस्ता. अशा ठिकाणी कसब दाखवायला जागाच नसते. पाच-सहा फेऱ्यांनंतरही तुमची वेळ सुधारत नसेल आणि कंटाळा येऊ लागला असेल, तर तो ट्रॅक काढायला हरकत नाही.

नायट्रोचे डबे कुठे ठेवलेत तेही बघा. ते थोडे आडबाजूला, थोडी जोखीम घेऊन उचलायचे असतील तर मजा आहे.

पायरी ६: कॉम्प्युटरच्या गाड्यांसोबत

आता साधी शर्यत घ्या, कॉम्प्युटरच्या चार-पाच गाड्या ठेवा आणि अवघडपणा मधला. सर्वांत वरची सुपरटक्स पातळी स्टोरी मोड खेळत गेल्यावर उघडते. या कामासाठी तिची गरज नाही.

या शर्यतीत जिंकायचं नाही, मागे राहायचं आहे. सगळ्यांच्या मागून जा आणि कॉम्प्युटरच्या गाड्या काय करतात ते पाहा. त्या मार्गरेषा धरून चालतात, म्हणून मार्गरेषेतली प्रत्येक चूक त्यांच्या वागण्यात दिसते. एकाच खांबाला एकामागून एक गाड्या धडकत असतील तर रेषा खांबाच्या फार जवळून गेली आहे. दोन वाटा फुटत असतील आणि सगळ्या गाड्या एकाच वाटेने जात असतील तर दुसरी वाट तुमच्या एकट्यासाठी मोकळी आहे, म्हणजे सामना एकतर्फी होणार. एखाद्या उडीवर त्या दर फेरीला पडत असतील तर पहिल्या दोन फेऱ्यांनंतर तुम्हाला कोणी प्रतिस्पर्धीच उरत नाही.

मग एक शर्यत जीव लावून खेळा. आता भेटवस्तूंचे बॉक्स (यांतून हत्यारं मिळतात) आणि केळी (ही लागली की त्रास होतो) यांच्या जागा कळतील. बॉक्स रस्त्यावर आडवे, रांगेत असावेत, म्हणजे मागून येणाऱ्यालाही एखादा मिळतो. आंधळ्या वळणाच्या लगेच पुढे केळं ठेवलेलं असेल तर तो चकवा झाला, कसब नाही. बोलिंग बॉल आणि केक ही दुसऱ्यावर मारायची हत्यारं मोकळ्या जागेत जास्त चालतात. अरुंद बोगद्यांच्या ट्रॅकवर बॉल भिंतींना आपटत येतो आणि सुटायला जागा राहत नाही. काहींना तेच आवडतं. तुमच्या घरात कोण कसं खेळतं ते तुम्हाला माहीत आहे.

ट्रॅकच्या माहितीच्या पडद्यावर उलट दिशेने चालवण्याची खूण मिळते. ज्या ट्रॅकला ती आहे तिथे एकदा उलट फेरीही मारा. चांगला ट्रॅक उलटा चालवला की अगदी नवा वाटतो, म्हणजे एका डाउनलोडमध्ये दोन.

पायरी ७: माणसांसोबत

आता पडदा वाटून खेळायची पाळी. मुख्य पडद्यावर स्प्लिट-स्क्रीनचा पर्याय आहे. दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळायचं असेल तर ऑप्शन्समधल्या कंट्रोल्समध्ये आधी दुसरी कीबोर्ड मांडणी जोडून तिला वेगळ्या कळा द्या.

लॅपटॉपच्या कीबोर्डची एक मर्यादा लक्षात ठेवा: एकाच वेळी ठरावीक जोड्यांपलीकडे कळा दाबल्या तर त्यातली एखादी ओळखलीच जात नाही. दोघंही एकदम वळून घसरू लागले की कोणाची तरी गाडी सरळ भिंतीत जाते आणि ‘माझी कळ चालली नाही’ हा आरडाओरडा सुरू होतो. तो आरडाओरडा बहुतेक वेळा खरा असतो. यूएसबीचा साधा दुसरा कीबोर्ड किंवा गेमपॅड लावला की प्रश्न मिटतो. दुसऱ्या कीबोर्डवरही कळा वेगळ्याच ठेवा, कारण तीच कळ दोन्हीकडून दाबली तरी खेळाला ती एकच वाटते.

दुसरं, पडदा दोघांत वाटला की मशीनला तेच दृश्य दोनदा रंगवावं लागतं, चौघांत चारदा. एकट्याला ६० देणारा ट्रॅक चौघांना २० देऊ शकतो. म्हणून घरच्या खेळासाठीचा एफपीएस हा सगळे बसल्यावर पाहायचा.

आणि तिसरं, जे कुठल्याही आकड्यात दिसत नाही. चौघांतला सर्वांत कच्चा खेळाडू काय करतो ते पाहा. मागच्या उन्हाळ्यात भाचेमंडळी जमली होती. थोरला अकरावीचा, धाकटी दुसरीतली. एका बर्फाच्या ट्रॅकवर थोरला अर्धी फेरी पुढे आणि धाकटी एकाच वळणावर तिसऱ्यांदा दरीत. थोरला म्हणाला, “मामा, हिला रस्ताच दिसून नाही राहिला. पडदा बघा ना तिचा.” मी तिच्या चौकटीकडे पाहिलं. चौथ्या हिश्श्याच्या त्या छोट्या चौकटीत पांढरा रस्ता, पांढरा बर्फ आणि पांढरट आभाळ एकमेकांत मिसळून गेलं होतं. पूर्ण पडद्यावर तोच ट्रॅक मला स्वच्छ दिसला होता. तिला रुंद, मातीच्या रस्त्याचा दुसरा ट्रॅक दिला, तर पुढच्या शर्यतीत ती तिसरी आली आणि थोरल्याला केक मारून गेली. तेव्हापासून रंगांचा हा फरक मी आधीच, पडदा लहान करून तपासतो. खेळाची खिडकी अर्धी करा आणि दोन हात लांब बसून बघा.

कच्च्या आणि पक्क्या खेळाडूंना एकत्र बसवायचं असेल तर फेऱ्या कमी ठेवा. लांब ट्रॅकला दोन पुरेत. फेऱ्या वाढल्या की अंतर वाढत जातं आणि मागच्याचा जीव त्यात राहत नाही.

प्रत्येकाचं वेगळं मशीन असेल तर एकाच वायफायवर लॅन सर्व्हर काढून खेळता येतं; त्यासाठी इंटरनेटची गरज नाही. नव्या ट्रॅकची अट एकच: तो सगळ्यांकडे असला पाहिजे. एकाकडे नसेल तर मतदानाच्या यादीत तो येणारच नाही. म्हणून मंडळी जमायच्या आधी पेनड्राइव्ह फिरवा आणि सगळ्यांच्या खेळाची आवृत्तीही एकच आहे ना ते बघा.

अरिना असतील तर

लढाईच्या आणि फुटबॉलच्या मैदानांची पारख वेगळी आहे, पण थोडक्यात आटपते. कॉम्प्युटरच्या गाड्यांना मैदानात फिरण्यासाठी कर्त्याने एक अदृश्य जाळी आखावी लागते. ती नसेल तर तिथे कॉम्प्युटर खेळाडू येत नाहीत. मैदान फक्त माणसांसाठी. एकट्या मुलासाठी घेत असाल तर हे आधी तपासा. फुटबॉलच्या मैदानात कोपऱ्यात अडकलेला चेंडू बाहेर निघतो का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

पायरी ८: ठेवायचा की काढायचा

दोन ओळींची नोंद ठेवा. वहीत लिहा, फोनवर लिहा, पण ठेवा, कारण महिन्याभराने ‘तो पुलाचा ट्रॅक कोणता?’ असा प्रश्न पडतोच. ट्रॅकचं नाव, मशीन तापल्यावरचा एफपीएस, अडकायच्या जागा, आडवाट मोजली जाते का, आणि किती लहान मुलाला जमेल. ‘पूल छान, बोगद्यानंतर अंधार, दुसरीच्या पोरीला नको’ अशी नोंद ताऱ्यांपेक्षा कामाची असते.

नको असलेले ट्रॅक त्याच यादीतून काढून टाका. ठेवलेल्यांतून चार निवडून ग्रां प्री एडिटरमध्ये आपली मालिका तयार करा. त्यात ॲड-ऑनचे ट्रॅकही घेता येतात. क्रम असा लावा: पहिला सोपा आणि रुंद, दुसरा घसरण्याचं कसब लागणारा, तिसरा गंमतीचा, बॉक्सांचा, आणि शेवटचा सर्वांना पाठ असलेला. शेवटच्या ट्रॅकवर गुणांची उलथापालथ होते. तिथे नवखा ट्रॅक ठेवला तर निकाल नशिबावर जातो, आणि मुलांना ते बरोबर कळतं.

ट्रॅक करणाऱ्याला निरोप पाठवा, ही माझी कळकळीची विनंती. खेळात ऑनलाइन खातं उघडलं की तारे देता येतात, पण ‘मस्त’ किंवा ‘बंडल’ यातून त्याला काही दुरुस्त करता येत नाही. कुठल्या वळणावर, कोणत्या दिशेने जाताना, किती वेगात काय झालं आणि खेळाची कोणती आवृत्ती होती, एवढं साध्या इंग्रजीत लिहा. जमलं तर पडद्याचा फोटो जोडा. वर सांगितलेलं उचल-घसरीचं चक्र सापडलं असेल तर ते आधी लिहा. बऱ्याचदा ती दुरुस्ती कर्त्याच्या हातची, थोड्या वेळाची असते. दुरुस्त ट्रॅक यादीत चढला की ॲड-ऑन्समध्ये त्याच्यासमोर अपडेटची खूण येते. अपडेट घेतल्यावर बाकी काही तपासू नका. सरळ त्याच वळणावर जाऊन पुन्हा एकदा पडून बघा.